नरसाळ्यातले नवरदेव

"बाई, या गोळीला वासच नाही हो!"

जिजींनी मेंदीच्या कुंपणावरून हात पुढे केला. तळहातावर रबराची एक बारकी गोळी. पोळा नुकताच झालेला, कापूस पाते-फुलांवर, आणि या दिवसांत आमच्या आळीत दुसरं बोलणं नसतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत चोपडा तालुक्यात केळी नाही तर कापूस, आणि कापूस म्हटला की गुलाबी बोंडअळी आलीच. जिजींच्या मुलाने यंदा शेतात कामगंध सापळे लावलेत. वर झाकणी, तिच्याखाली नरसाळं, नरसाळ्याला प्लास्टिकची पिशवी, आणि झाकणीच्या आत ही गोळी.

"मी हुंगली, यांना हुंगायला दिली, सुनेला दिली. काही म्हणता काही नाही. आणि तिकडे शेतात पतंग येऊन पडून राहिले पिशवीत. वास नाही तर येता कशाला ते?"

"नवरदेव आहेत ते," ओट्यावरून त्यांचे यजमान जिभाऊ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "नवरी पाहायला येता."

जिभाऊ चेष्टेत बोलले, पण बोलले ते खरंच. त्या पिशवीत पडतात ते सगळे नर. मादी पतंग रात्री पानाआड बसून पोटाच्या टोकातून गंध सोडते, आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने तो माग काढत येतो. गोळीत असतो तो कारखान्यात तयार केलेला त्याच गंधाचा जोडीदार. येतो बिचारा नटूनथटून, आणि मांडवात नवरीच नाही.

"पण मला का नाही येत वास?"

"जिजी, तुम्हाला यायचं कारणच नाही. ते पत्र तुमच्या नावचं नाही."

हे उत्तर माझं नव्हे. माझी भाची जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते, सुटीला आलेली. ती चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि गोळी जिजींच्या हातात पाहून आधी ओरडलीच. "हातात कशाला घेतली? नुसत्या हाताने धरायची नसते ती. उद्या याच हाताने हरभऱ्याच्या सापळ्याची गोळी लावाल आणि दोन्हींचे वास एकमेकांत जातील."

"मग काय होईल?"

"काय होईल? दोघांपैकी कुणीच येणार नाही कदाचित."

जिजींनी गोळी घाईघाईने पाकिटात घातली आणि हात पदराला पुसला. म्हणजे आता पदराला वास. असो.

मग विषय निघाला तो हरभऱ्याच्या घाटे अळीचा. जिजींची शंका रास्त होती. कापसाच्या सापळ्यात घाटे अळीचा पतंग का येत नाही? रात्री दोन्ही पतंग त्याच शेतावरून उडतात. आणि घाटे अळी कापसालाही सोडत नाही. तिलाच आपल्याकडे अमेरिकन बोंडअळी म्हणतात. मग एक गोळी दोघांना का पुरत नाही? दुकानदाराकडे तीन पाकिटं मागावी लागतात, कापसाच्या गुलाबीची वेगळी, घाटे अळीची वेगळी, पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेराची वेगळी, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे.

भाचीने सांगितलं ते असं. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ साली शास्त्रज्ञांनी ओळखला. दोन रसायनं आहेत त्यात, एकमेकांची जुळी भावंडंच म्हणा; अणू तेवढेच, साखळी तेवढीच, फक्त एका ठिकाणी साखळीचा वळसा एकीत इकडे तर दुसरीत तिकडे. गोळीत ती निम्मी-निम्मी घालतात. एकच घातलं तर नराला त्याचं फारसं काही वाटत नाही. घाटे अळीची रसायनंच निराळी, आणि प्रमाण ९७ ला ३. आणखी गंमत पुढे आहे. तंबाखूवर जगणारी एक अळी आहे, घाटे अळीची सख्खी चुलत बहीण. तिच्या गंधात तीच दोन रसायनं, पण प्रमाण उलटं. एकीचं जे मुख्य ते दुसरीचं चिमूटभर. तेवढ्यावर दोघींची घरं वेगळी राहतात.

"हे बठ्ठं त्या एवढ्याशा पतंगाला कळतं?" जिजी म्हणाल्या. "आमच्याकडे तर पत्रिका पाहूनही फसता लोक."

इथे पाच-दहा मिनिटं विषय पत्रिकेवर गेला, कारण वरच्या आळीतल्या एका घरी गुण छत्तीसपैकी बत्तीस जुळले होते आणि सून दिवाळीच्या आत माहेरी परतली. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

"पतंगाचं सोडा," भाची म्हणाली, "त्याला मिशा तरी आहेत. यीस्टला नाक नाही, डोळा नाही, पाय नाही, आणि तरी त्याला आपलं कोण, परकं कोण ते कळतं."

"यीस्ट म्हणजे पावातलं?"

"पावातलं. जिलबीच्या पिठात फुगवटा आणतं ते. पलीकडे पाड्यावर मोहाची फुलं आंबवतात, त्यातही तेच काम करतं."

जिभाऊंनी इथे पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

यीस्टची गोष्ट मला स्वतःला पतंगापेक्षा जास्त आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका पेशीचा जीव. त्यात नर-मादी असा भेद नाही, पण दोन बाजू आहेत. शास्त्रात त्यांना 'ए' आणि 'अल्फा' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच दिसतात. 'अल्फा' जी पेशी आहे ती तेरा अमायनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडते. 'ए' पेशी बारा आम्लांची सोडते, आणि त्या बाराच्या टोकाला तेलकट शेपूट जोडलेलं असतं. एकमेकींचा निरोप ओळखायला प्रत्येकीच्या अंगावर ग्राहक प्रथिनं असतात. 'ए'च्या अंगावरच्या ग्राहकाचं नाव एसटीई-२, 'अल्फा'च्या अंगावरच्याचं एसटीई-३. नावात 'एसटीई' आलं ते यांची जनुकं बिघडली की यीस्ट वांझ राहतं म्हणून. हे प्रथिन पेशीच्या पातळ आवरणातून सात वेळा आरपार शिवलेलं असतं. निरोप बाहेरच्या बाजूला येऊन बसला की आतल्या बाजूला हालचाल होते.

"आणि जिभाऊ," भाची म्हणाली, "अशीच सात टाक्यांची प्रथिनं आपल्या अंगातही शेकड्यांनी आहेत. डोळ्यात उजेड ओळखणारं तसंच, नाकात वास ओळखणारं तसंच. तुम्ही रक्तदाबाची ती बीटा ब्लॉकरची गोळी घेता ना, ती ज्याच्यावर जाऊन बसते तेही याच घराण्यातलं. या घराण्याचा अभ्यास केला म्हणून लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का या दोघांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं."

"म्हणजे माझं आणि यीस्टचं नातं?"

"लांबचं, पण आहे. पतंगाच्या मिशीतल्या ग्राहकालाही सातच टाके, पण ते आवरणात उलटे बसवलेले, आणि त्याची काम करायची तऱ्हाच वेगळी. त्याचं-तुमचं त्या बाबतीत काही नातं नाही."

जिभाऊंना पतंगापेक्षा यीस्टचं नातं जास्त पटलेलं दिसलं. मोहाचा उल्लेख झाल्यापासून त्यांचा एकूण सूर बदललाच होता.

निरोप मिळाला की यीस्टची पेशी काय करते? आधी विभागणं थांबवते. मग ज्या दिशेने गंध दाट त्या दिशेला अंगातून एक टोक काढते आणि वाढवत नेते, कारण तिला चालत जाता येत नाही. त्या टोक काढलेल्या पेशीला शास्त्रज्ञ 'श्मू' म्हणतात. अल कॅप नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या मालिकेतल्या एका प्राण्याचं हे नाव. दोन टोकं भेटली की दोन पेशींची एक होते.

आणि भोवती चार-पाच स्थळं असतील तर? १९९० साली जॅक्सन आणि हार्टवेल यांनी हेच तपासलं. यातल्या लेलंड हार्टवेलना पुढे २००१ चं नोबेल मिळालं, पण ते पेशी विभागते कशी यावरच्या कामासाठी. त्या दोघांना दिसलं की पेशी ज्याचा गंध सगळ्यात दाट त्याचीच निवड करते. जो गंध कमी सोडतो तो शेजारी असूनही राहून जातो.

"हे मात्र आपल्याकडच्यासारखंच," जिजी म्हणाल्या. "ज्याचा बोलबाला जास्त, त्याच्याकडे पहिली रांग."

"पण 'ए' पेशी आणखी एक करते. बार-१ नावाचं एक विकर बाहेर सोडते, आणि ते आलेला निरोप कापून टाकतं."

"व माय! आलेलं पत्र फाडून टाकते?"

"फाडते म्हणूनच कळतं. सगळीकडे गंधच गंध साचून राहिला तर तो कुठून येतो हे कसं ओळखणार?"

जिजी यावर थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आडवं-तिडवं विचारायचं त्यांना बरोबर कळतं. "बरं, दुसऱ्या जातीचं यीस्ट शेजारी आलं तर? त्याचा वास हिला येतो का नाही?"

मूळ गोष्ट ही आहे. बेकरीच्या यीस्टचा एक दूरचा भाऊबंद आहे, अल्बर्ट क्लुइव्हर या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, क्लुइव्हेरी म्हणू. त्याचीही अल्फा साखळी तेराच आम्लांची. दोन्ही साखळ्या शेजारी ठेवल्या तर पहिली चार आम्लं तीच, शेवटची तीन तीच, नववंही तेच. फरक मधल्या पाच जागांवर. तेरातली आठ सारखी म्हणजे फार जवळचं स्थळ. पण क्लुइव्हेरीची पेशी आपल्या साखळीला जशी दाद देते तशी बेकरीवालीच्या साखळीला देत नाही.

मग ही निवड करतं कोण? ग्राहक, की आतली यंत्रणा? १९८८ साली कॅलिफोर्नियात लॉरेन मार्श आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी क्लुइव्हेरीच्या ग्राहकाचं जनुक काढून बेकरीच्या यीस्टमध्ये घातलं. दोन ग्राहकांमध्ये निम्म्याच्या आसपास साम्य आहे, म्हणजे निम्मा फरकही आहे. पेशी तीच, आतलं सगळं तेच, फक्त दारावर बसणारा बदलला. आणि पेशीची आवड-निवड त्या नव्या ग्राहकाप्रमाणे झाली. पुढे मार्श यांनी सहकाऱ्याबरोबर दोन ग्राहकांचे तुकडे एकमेकांना जोडून पाहिले, की नेमका कुठला तुकडा निवड करतो. तर असा एकच तुकडा सापडला नाही. प्रथिनात एकमेकांपासून लांब असलेल्या अनेक जागा मिळून ओळख ठरवतात.

"हे बघा, हे मला पटलं," जिजी म्हणाल्या. "नुसतं सासू बघून कळत नाही, नुसता सासरा बघूनही नाही."

"म्हणजे जातीबाहेर नाहीच का मग?" हा प्रश्न जिभाऊंचा, आणि त्यांचा रोख यीस्टकडे नव्हता हे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना कळलं.

"आजोबा, माणसं सगळी एकाच प्रजातीची. हा नियम तुमच्या उपयोगाचा नाही," भाचीने सांगून टाकलं. "आणि यीस्टमध्येही जवळच्या प्रजातींत होतं. बेकरीचं यीस्ट आणि त्याचा पॅराडॉक्सस नावाचा भाऊ, यांचं प्रयोगशाळेत सहज जमतं. पुढची पिढी मात्र जवळजवळ सगळी निपजत नाही. आणि लागर बियर ज्या यीस्टने करतात ते तर आख्खं संकरित. एक बाजू बेकरीवाल्याची, दुसरी बाजू थंडीत वाढणाऱ्या एका रानटी यीस्टची, आणि ते रानटी यीस्ट २०११ साली पॅटागोनियाच्या जंगलात सापडलं."

"बियर होते ना त्याची, मग झालं," जिभाऊ म्हणाले.

माझ्या दृष्टीने सगळ्यात रसाळ भाग यानंतरचा. आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बियरमध्ये सापडलेलं एक यीस्ट आहे, पोम्बे. हे कळी फुटून वाढत नाही, मधोमध दुभागतं. यातही दोन बाजू, 'पी' आणि 'एम'. जपानमध्ये ताइसुके सेइके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. 'एम'चा गंध नऊ आम्लांचा. त्यातली एकेक कडी बदलत त्यांनी कितीतरी नवे गंध केले. बहुतेक ठिकाणी जरा इकडचं तिकडे झालं की 'पी' बाजू ढुंकून पाहत नाही. मग त्यांनी 'पी'चा ग्राहकही बदलून पाहिला, आणि बदललेल्या गंधाला ओळखणारे बदललेले ग्राहक मिळवले. २०१५ साली त्यांनी दाखवलं, की अशी नवी जोडी आपसात जमते पण जुन्यांशी तिचं जुळत नाही. म्हणजे दोन-तीन जागी फेरफार आणि एका घराची दोन घरं, ती देखील एकाच बशीत.

२०१९ मध्ये त्याच गटाने जगभरातून गोळा केलेले पोम्बेचे १५० रानटी वाण तपासले. 'एम'चा गंध आणि त्याला ओळखणारा ग्राहक सगळीकडे अगदी तोच, एका अक्षराचा फरक नाही. 'पी'चा गंध आणि त्याचा ग्राहक मात्र जागोजागी बदललेले. ऑक्टोस्पोरस नावाच्या दुसऱ्या प्रजातीचा 'पी' गंध दिला तर पोम्बे थोडीफार दाद देतं. त्याच प्रजातीचा 'एम' गंध दिला तर नाही म्हणजे नाही.

"एक पक्ष कडक, एक पक्ष सैल," जिजी म्हणाल्या.

"बरोबर. आणि त्यांचं म्हणणं असं की म्हणूनच चालतं. दोन्ही कडक असते तर एक लहानसा बदल झाला की वंश बुडाला. दोन्ही सैल असते तर कुणाचंही कुणाशीही."

जिजींनी मान हलवली. त्यांच्या मनात कुठल्या घरातला कोणता पक्ष कडक होता हे मला ठाऊक आहे, पण ते घर पहिल्या गल्लीत आहे आणि हे छापून येणार आहे.

जिभाऊ आता पूर्ण जागे झाले होते आणि त्यांनी मूळ विषयाला हात घातला. "हे सगळं ठीक. पण एका फवारणीत जे मरतं ते या गोळीने मरतं का?"

इथे मी माझं मत सांगते. फवारणी कुणाची ओळख विचारत नाही. मधमाशी, किडीला खाणारी कीड, फवारणारा माणूस, सगळे तिच्या लेखी सारखे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने सगळ्या महाराष्ट्राचा कापूस खाल्ला. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. शिवाय ही अळी बोंडात शिरली की आपलं दार आपणच बंद करून घेते. मग वरून कितीही ओता. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली, आणि २०१० मध्येच गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचं बियाण्याच्या कंपनीने मान्य केलं. विष पचवायला शिकणं अळीला जमलं. पण आपल्या मादीचा गंध न ओळखायला शिकलेला नर वंश कसा चालवणार? नेमक्या त्याच जागी ही गोळी बोट ठेवते, आणि म्हणून मला ती हुशार वाटते.

हुशार, पण पुरेशी नव्हे. हे जिभाऊंना माझ्याआधी कळलं होतं.

"पिशवीत नर पडता," ते म्हणाले. "मादी कुठे पडते? एक नर सुटला तरी तो चार ठिकाणी जमवून येईल. आणि मादी जर पलीकडच्या शेतात आधीच उजवून आली असेल, तर आमच्या गोळीचं तिला काय?"

अगदी खरं. हेक्टरी पाच सापळे लावायला सांगतात ते मोजणीसाठी. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले, की समजायचं पाणी डोक्यावरून चाललं आणि पुढचा उपाय करायचा. जिजींच्या मुलाने मोजले होते का? नाही, त्याने पिशवी भरली की ओतून टाकली होती. नर पकडून संपवायचे तर सापळे कितीतरी जास्त हवेत, आणि एकट्याच्या शेतात नव्हे, सगळ्या शिवारात. दुसरी रीत अशी की पकडायचंच नाही. गंध भरलेल्या दोऱ्या झाडांना जागोजागी बांधायच्या, म्हणजे सगळ्या शेतात इतका गंध पसरतो की नराला खरी मादी सापडतच नाही. अमेरिकेने बीटी कापूस, या गंधाच्या युक्त्या, कारखान्यात वाढवून सोडलेले वांझ पतंग आणि वेळेत नांगरट असं सगळं एकदम वापरलं, आणि २०१८ साली गुलाबी बोंडअळी आपल्या मुख्य भूमीवरून संपल्याचं जाहीर केलं. तिथे सगळे शेतकरी एका वेळी एकच गोष्ट करत होते. आपल्याकडे मे महिन्यात ठिबकवर कापूस लावणारा एक, पावसाची वाट पाहणारा दुसरा, आणि वेचणी झाल्यावरही पीक न उपटता त्याची फरदड मार्चपर्यंत उभी ठेवणारा तिसरा. अळीला वर्षभर जेवणाची पंगत मिळते. वरून जिनिंगमध्ये सरकीबरोबर अळ्या जातात आणि तिथूनच पतंग होऊन निघतात. सापळे खरं तर तिथेही लावायला हवेत.

"पण फरदड कुणी ठेवली होती आपल्या बांधाला?" जिजींनी विचारलं. विचारलं म्हणजे त्यांना माहीत होतं.

"मी काही बोलत नाही," जिभाऊ म्हणाले आणि पेपर उचलला.

जिजींनी गोळीचं पाकीट सुनेच्या हातात दिलं, फ्रिजमध्ये ठेव, पण पिठाच्या डब्याशेजारी नको, असं बजावलं, आणि त्या घराच्या दुसऱ्या बाजूच्या कुंपणाकडे चालू लागल्या. तिकडचे अण्णा नळाला पाइप लावत होते.

"अण्णा, ओ अण्णा! तुमच्या त्या नाल्याकडच्या तुकड्यात गेल्या होळीलाही कापूस उभा होता ना हो?"